शिवेचा धोंडा

मळेवाडी, ता. चिकोडी
६ ऑगस्ट २०२१

श्री. इलाही गवळी यांस,

सीताबाई मगदूम हिचा जय जिनेंद्र.

तुम्ही मला ओळखत नाही. पण तुमची म्हैस मला ओळखायला लागली आहे, म्हणून हे पत्र.

पूर ओसरला त्या सकाळी आमच्या मळ्यातल्या उसात काळं काहीतरी पडलेलं दिसलं. मला वाटलं, कुणाची ताडपत्री वाहून आली. जवळ गेले तर ताडपत्रीनं मान वर केली. गळ्यात कापलेलं दावं, अंगभर चिखल, आणि कानात पिवळा बिल्ला. कोल्हापूरहून इथपर्यंत नदीनं आली म्हणजे कुठं पोहत, कुठं वाहत, कुठं एखाद्या उंचवट्यावर दम खात आली असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. जनावरांच्या डॉक्टरांनी बिल्ल्याचा नंबर बघून तुमचं नाव आणि पत्ता काढला. फोनही लावून बघितला, तो लागला नाही. डॉक्टर म्हणाले, म्हैस गाभण आहे आणि पोटातलंही सुखरूप आहे.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात पत्र कोण लिहितं? मी यंदा चातुर्मासाचा नेम घेतला आहे. दिवाळीपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही आणि मोबाईल हातात धरायचा नाही. आमच्यात कुणी चार महिने गोड सोडतं. मला गोडाची आवडच नाही, मग ते सोडून कसलं पुण्य? फोनवर मात्र मी तासतास बोलायची, म्हणून तो सोडला. तेव्हा म्हैस पोचवायला मी येऊ शकत नाही. कुणीतरी येऊन घेऊन जावी.

ती चारा कमी खाते. संध्याकाळ झाली की नदी जिकडून येते तिकडं तोंड करून उभी राहते. बघवत नाही. मी तिला गंगव्वा म्हणते. तुमच्याकडं तिचं दुसरं नाव असेल तर कळवा, म्हणजे त्या नावानं हाक मारीन.

सीताबाई मगदूम


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१४ ऑगस्ट २०२१

सीताबाईंना खतिजा इलाही गवळी हिचा सलाम.

पोस्टमन आला तेव्हा मी गोठ्यातला चिखल काढत होते. हात धुवायलाही थांबले नाही, पत्राच्या कडेला माझी बोटं उठली आहेत. वाचून झाल्यावर मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या चार बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, ह्यांना काही झालं.

तिचं नाव बुगडी. कानाशेजारी पांढरा ठिपका आहे, बघितला असेल तुम्ही. त्या नावानं हाक मारा, कान टवकारील.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. उठले, दावणीपाशी गेले आणि मोकळ्या खुंट्याला हात लावून उभे राहिले. अक्का (अक्काच म्हणते, तुमच्याकडं तसंच म्हणतात ना?), ह्यांना मे महिन्यात कोरोना झाला होता. दवाखान्यातून परत आले, पण दम अजून पुरत नाही. आणि त्यात हा पूर. पाणी गोठ्यात कमरेला लागलं तेव्हा ह्यांनी स्वतःच्या हातानं चारही म्हशींची दावी कापली. दोन आपल्या आपण परत आल्या. एक मेलेली सापडली. बुगडीचा पत्ताच नाही. तेव्हापासून एकच म्हणत बसतात, "बांधून ठिवली असती तर मेली असती, आन् सोडली तर मीच घालवली." घास घेतात आणि ताटात परत ठेवतात. मी खरं सांगते, मला माझा माणूस परत हवा आहे आणि त्याची वाट त्या म्हशीवरून जाते.

बुगडी लहान रेडी होती तेव्हापासून ह्यांच्या हातची. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तिची धार काढायची आणि गिऱ्हाइकानं तिथंच उभ्या उभ्या पेला रिकामा करायचा, असं तिचं नाव. आणि पाडव्याला? तुमच्याकडं असतं का ठाऊक नाही. आमच्यात पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्या घालतात आणि मालक मोटारसायकलवरून पुढं जातो, म्हैस त्याच्या मागं पळते. सायलेन्सर काढलेला असतो, कान फुटतील असा आवाज. शेकडो गाड्यांच्या गोंगाटात बुगडी फक्त ह्यांच्या गाडीमागं यायची. दुसऱ्यानं हिरवा मका दाखवला तरी ढुंकून बघायची नाही.

टेम्पो करायचा नाही असं ठरलं आहे. एक तर गाभण म्हैस, हिसके सोसायचे नाहीत. दुसरं म्हणजे आमचा खिजर म्हणाला, "अम्मी, टेम्पोत म्हैस आणि फुडं बसलाय खिजर इलाही गवळी. सीमेवर अडवणाऱ्यांस्नी उत्तरं दिऊ का म्हैस संभाळू?" पोरगा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, आगीला भीत नाही, पण ह्या गोष्टीला भितो. मीही भिते. म्हणून चालतच आणायची. सीमेवरची कोरोनाची तपासणी जरा सैल झाली की खिजर वडिलांची गाडी घेऊन येईल. हळूहळू गाडी चालवायची, ती मागनं चालत येईल.

तोवर सांभाळा. आणि मला अहोजाहो करू नका, मी तुमच्यापेक्षा लहान असणार.

तुमची खतिजा


मळेवाडी
२५ ऑगस्ट २०२१

चि. खतिजा,

बरं बाई, तू म्हणतेस तर तू.

बुगडी म्हणून हाक मारली. कान टवकारले, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. आणखी कुणी आलंय का, ते. पण त्या दिवसापासून चारा खाते.

आता आमचा एक रिवाज पडला आहे. उन्हं उतरली की मी तिला घेऊन फिरायला निघते. गावाबाहेर कोल्हापूरच्या वाटेवर शिवेचा धोंडा आहे, शेंदूर लावलेला. तिथपर्यंत जायचं. माझा नेम तिथं संपतो. धोंड्याला हात लावायचा, घटकाभर त्या रस्त्याकडं बघायचं आणि परत फिरायचं, कारण सूर्य बुडायच्या आत मला जेवून घ्यावं लागतं. गावातली माणसं हसतात. म्हणतात, "अक्का, एम्मेला घेऊन वारं खायाला निघालीस व्हय?" म्हशीला आमच्याकडं एम्मे म्हणतात. हसू देत. दोघी त्याच दिशेला बघणाऱ्या, मग एकटीनं कशाला जायचं?

तुला सांगायला हरकत नाही. तो रस्ता पुढं इचलकरंजीवरून हातकणंगल्याला जातो आणि हातकणंगलं माझं माहेर. मालक गेले तेव्हा अण्णा, माझा थोरला भाऊ, मला न्यायला आला होता. अण्णासो चौगुले. मी म्हटलं, सासऱ्यांना टाकून कशी येऊ, ते अंथरुणाला खिळलेत. त्याला राग आला. भरल्या अंगणात म्हणाला, "आत्ता यायचं नसलं तर पुन्ना यिऊच नगंस." मीही मगदुमांची सून होण्याआधी चौगुल्यांची लेक होते. नाही गेले. सासरे गेले, वर्षं गेली, त्यानं बोलावलं नाही आणि मी पाऊल टाकलं नाही. हट्ट कुणाचा मोठा, ते अजून ठरायचं आहे.

खिजर हातकणंगल्यावरून जाईल तेव्हा एक काम सांग. स्टेशनाजवळ दोन चिंचा होत्या. आहेत का बघ म्हणावं. बाकी काही विचारायला सांगत नाही.

खिजरला केव्हाही पाठव. बुगडी तयार आहे.

अक्का


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
९ सप्टेंबर २०२१

सीताबाईंना,

खिजर परवा हात हलवत परत आला. गाडी पुरात बुडाली होती, जोतीराम मेस्त्रीनं खोलून, धुऊन, चालू करून दिली. पोरगा मोठ्या हौसेनं गेला. तो सांगतो, गाडीचा आवाज ऐकून बुगडीनं हंबरडा फोडला, दावं सोडल्याबरोबर मागं लागली, आणि गावाबाहेर त्या धोंड्यापाशी आल्यावर गर्रकन फिरून सरळ तुमच्या गोठ्यात. तीन वेळा नेली, तीन वेळा परत. खिजर म्हणतो, गाडीचा आवाज बदलला असेल. मी म्हटलं, मग धोंड्यापर्यंत कशी आली रे? तोवर आवाज बरोबर होता आणि पुढं चुकला?

मला घुमवून बोलता येत नाही. तुम्ही तिला लळा लावला आहे. रोज फिरवता, अंजारता-गोंजारता, नवं नाव ठेवलंत. खिजर म्हणाला, ती परत फिरली तेव्हा तुम्ही हसलात. मी असते तर मीही हसले असते का, देव जाणे. पण इथं एक माणूस दोन दिवस आधीपासून गोठ्यात शेणानं सारवून बसला होता. दम लागत होता तरी सारवलं. नवं दावं वळून आणलं. खिजर एकटा आलेला बघून त्यांनी ते दावं खुंटीला टांगलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

म्हैस तुमची झाली असेल तर तसं स्वच्छ लिहा. मी कोर्टात जाणार नाही. पण आजारी माणसाला आशेला लावून ठेवू नका.

खतिजा


मळेवाडी
२१ सप्टेंबर २०२१

खतिजा,

आज आमची क्षमावाणी. पर्युषण संपलं की आम्ही घरोघरी जाऊन, पत्रं धाडून, जाणता-अजाणता दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतो. यंदा पहिलं पत्र तुला.

पण आधी राग सांगते, नाहीतर क्षमा खोटी होईल. तुझं पत्र आलं तेव्हा माझे उपास चालू होते. उपासात रागवायचं नसतं. मी रागावले. तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. "मी काय म्हशीची भुकेली आहे?" असं त्यांत लिहिलं होतं. मग लक्षात आलं, की भुकेली आहे. म्हशीची नाही, सोबतीची. ती परत फिरली तेव्हा मी हसले, हे खिजरनं खरं सांगितलं. मला बरं वाटलं होतं. त्याची क्षमा माग म्हणशील तर मागते, बरं वाटलंच नाही असं मात्र म्हणणार नाही.

आता दुसरी गोष्ट, खरी. काल संध्याकाळी धोंड्यापाशी पोचलो. माझ्या पायात काटा मोडला म्हणून मी खाली वाकले. वर बघते तर बुगडी वळून चार पावलं परत निघालेलीसुद्धा. मी वळायच्या आधी ती वळली. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, रोज मी तिला तिथपर्यंत नेते आणि तिथून परत आणते. तिला वाटतं, जगाचा रस्ता तिथंच संपतो. धोंडा आला की फिरायचं. गाडी कुणाचीही असो. नेम घेतला मी, आणि पाळायला शिकली ती!

खात्री करायला शेजारच्या बाळाबाईला म्हटलं, दावं धर आणि पुढं चालून बघ. बाळाबाई अंगानं भारी आहे. तरी बुगडी बाळाबाईसकट परत आली. गाभण जनावर, ओढाताण करवत नाही.

आता तूच सांग. ती माझ्या मागं येईल, मी धोंडा ओलांडला तर. तुझ्या माणसाचे हाल मी ऐकले आहेत. मी नेम मोडते. प्रायश्चित्त असतं, ते घेईन. तू एक ओळ लिही, दुसऱ्या दिवशी निघते.

आणि चुकले असेन तर क्षमा कर.

अक्का


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२ ऑक्टोबर २०२१

अक्का,

तुमच्याआधी मीच क्षमा मागायला हवी होती. मी तुमच्या तोंडावर ते सगळं बोलले असते तर तुम्ही मला दारात उभी केली नसती. तोंड आमचं कोल्हापूरचं, आधी सुटतं आणि मग विचार करतं. माफ करा.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. "बाळाबाईसकट परत आली" या ओळीवर हे हसले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता खोकल्याची उबळ आली, पाणी पाजलं, आणि पाणी पिऊन परत हसले. म्हणाले, "म्हैस जैन झाली की गं खतिजा! आता राच्चं वैरण टाकू नगंस."

मग म्हणाले, "त्या बाईला लिव्ह, नेम मोडायचा न्हाय." मीही तेच म्हणते. मी रोजे धरते. तहानेनं जीव जातो, मगरिबच्या अजानला दोन मिनिटं असतात, पण त्या दोन मिनिटांत कुणी सोनं दिलं तरी घोट घेत नाही. आपला नेम म्हणजे काय ते मला कळतं. आमच्यासाठी तो मोडलात तर बुगडी घरी येईल आणि मी तिच्याकडं मान वर करून बघू शकणार नाही.

पाडवा तिच्याशिवाय जाईल. जाऊ दे. हे म्हणतात, म्हैस जिवंत आहे आणि वाट बघायला दिवस ठरला आहे, एवढं पुरे. मला मात्र रोज डोळ्यांपुढं तो मोकळा खुंटा. पहाटे धारेला उठते आणि तीन बादल्या उचलते, मग एक परत ठेवते.

दिवाळीला तुमचा नेम सुटला की आपण दोघी चालत आणू. मी येते. खिजर आदल्या दिवशी मला तिथं सोडेल. सकाळी आणि उतरत्या उन्हात चालायचं, दुपारी सावलीला बसायचं.

दोन्ही चिंचा उभ्या आहेत. कामावरून सुटल्यावर खिजर मुद्दाम तिथवर जाऊन बघून आला. तुम्ही सांगितलं नव्हतं, पण पोरगं आगाऊ, चौगुल्यांचं घरही विचारून आला. दारात एक म्हातारे गृहस्थ स्कूटर पुसत होते. मिशा पांढऱ्याशुभ्र. "कोण पावणं?" म्हणून विचारलं, तर हा घाबरून "पत्ता चुकला" म्हणाला.

तुमची खतिजा


मळेवाडी
१६ ऑक्टोबर २०२१

चि. खतिजा,

अण्णाच्या मिशा पांढऱ्या झाल्या? मी इतकी वर्षं काळ्या मिशांशीच भांडत होते.

ती ओळ मी किती वेळा वाचली, सांगत नाही. स्कूटर तीच असेल का? तो तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही. लहानपणी मला बैलगाडीत पुढं बसवायचा आणि स्वतः मागं लोंबकळत यायचा. माझं मन कधी कधी एवढं ओढ घेतं की धोंड्यापाशी उभी असताना वाटतं, नेम गेला खड्ड्यात, असंच चालत सुटावं.

पण आधीच सांगून ठेवते. आपण दिवाळीच्या सकाळी निघणार, देवळात महावीरांना निर्वाणलाडू चढवून झाल्यावर. तिसऱ्या दिवशी हातकणंगलं येईल, आणि तो दिवस भाऊबीजेचा. न बोलावता भाऊबीजेला दारात जाऊन उभी राहू? लोक म्हणतील, म्हातारपणी ओवाळणीला आली. तो म्हणाला होता, पुन्हा येऊ नकोस. ते शब्द त्यानं परत घेतलेले नाहीत. तेव्हा मी हातकणंगल्याच्या अलीकडून मागं फिरीन. तोवर बुगडीला रस्त्याची सवय झालेली असेल, तुझ्या मागं येईल.

तू मला आग्रह करणार, हे मला माहीत आहे. करू नकोस. बुगडीचा एक धोंडा आहे, तसा माझाही एक आहे असं समज.

येताना जाड चपला घाल. इथं काटे फार.

अक्का


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२१

सीताअक्कांना,
अण्णासो चौगुले यांच्या घरी, हातकणंगले

पाकिटावर हा पत्ता लिहिताना मला एवढा आनंद झाला की दोनदा लिहिला.

बुगडी पोचली. हे एवढंच लिहून पत्र संपवलं तरी चालेल, पण मला ते जमायचं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं, आणि रोज सांगायला लावतात. मी सांगते: अक्का देवळातून आल्या. धोंड्याला हात लावला. पलीकडं पाऊल टाकलं आणि चालायला लागल्या. बुगडी अलीकडं थांबली. अक्का वळेनात. बुगडी माझ्याकडं बघते, अक्कांकडं बघते. मग तिनं धोंडा हुंगला आणि एकदम निघाली, जणू मागं काही राहिलंच नाही. मी गोष्टीत इथवर आले की हे म्हणतात, "परत सांग."

इचलकरंजीच्या पुढं ती लंगडायला लागली, तेही सांगते. डांबरानं खूर झिजला. सूर्य खाली आलेला, हातकणंगल्याची वस्ती समोर, आणि ती रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली. मी म्हटलं, अक्का, गाभण जनावर, उघड्यावर कसं ठेवायचं? पदर खोचला आणि मला म्हणालात, "तू हिच्यापाशी थांब." तुम्ही त्या गल्लीत शिरलात आणि मी बुगडीची मान धरून बसले. स्वतःसाठी तुम्ही गेला नसतात, मला माहीत आहे. तिथं काय बोलणं झालं ते मात्र मला सांगता येत नाही, आणि हे नेमके तिथंच विचारतात. मला फक्त एवढं दिसलं, की थोड्या वेळानं ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हातात पाण्याची बादली आणि हळदीची वाटी घेऊन स्वतः आले, खुराला हळद लावली आणि म्हणाले, "चला पावणं, गोठा उघडलाय."

दोन दिवस तिला तिथं विसावा दिलात. निघायच्या सकाळी तुम्ही आम्हाला चिंचांपर्यंत सोडायला आलात. तिथं तुम्ही वळलात, बुगडीही वळणार होती. पण तुम्ही मागं बघितलं नाही. सरळ चालत गेलात. म्हणून ती माझ्याबरोबर आली. मी मात्र मागं बघितलं, अक्का. तुमचे खांदे हलत होते.

शिरोलीच्या अलीकडं मला तो आवाज आला. ह्यांना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. पुढं खिजर बसलेला, मागं हे, आणि ॲक्सिलेटर मात्र ह्यांनी खिजरच्या खांद्यावरून हात घालून स्वतःच्या मुठीत धरलेला! सायलेन्सर काढून आणलेला. बुगडीनं मान वर केली. मग पाडवा नव्हता, शिंगांना रंग नव्हता, एक पाय दुखरा, तरी अशी पळाली, अशी पळाली, की माझ्या हातातलं दावं कधी सुटलं मला कळलं नाही. हे गाडीवरून उतरले. तिच्या गळ्यात पडले. सगळा हायवे बघत होता. म्हणत होते, "मी सोडली न्हवती गं तुला, वाचायला सोडलीती." तिनं त्यांचं डोकं चाटलं, टोपी खाली पाडली.

आता दोन्ही वेळा जेवतात. तीन बादल्या उचलते, तिन्ही लागतात असं नाही, बुगडी आटली आहे, पण उचलते.

एक गंमत. संध्याकाळी तिला कट्ट्याकडं नेलं की गंगावेशीच्या अलीकडं एका जागी थांबते आणि मागं वळते. खिजर ओढायला लागला तर हे म्हणाले, "थांब रं. तितं तिच्या अक्काचा धोंडा हाय. घटकाभर बघू दे तिला." मग आम्ही सगळे उभे राहतो. आणि खरं सांगू, त्या घटकेला मलाही तुमची फार आठवण येते.

तिथं काय झालं ते लिहा. ह्यांची गोष्ट अपुरी राहिली आहे.

खतिजा


हातकणंगले
१९ नोव्हेंबर २०२१

चि. खतिजा,

तुझं पत्र अण्णानंच फोडलं. म्हणाला, "माझ्या पत्त्यावर आलंय, मीच फोडणार." वाचता वाचता त्याचा चष्मा ओला झाला. तो म्हणतो, वाफेनं. समोर चहा नव्हता.

इलाहीभाऊंची गोष्ट पुरी करते.

दार उघडंच होतं. रांगोळी विस्कटलेली. तो पायरीवर बसला होता, एकटा. मला बघितलं आणि उठला नाही. माझ्यासाठी काही मागायचं असतं तर तशीच परत फिरले असते. पण तिकडं बुगडी रस्त्यावर बसलेली. मी म्हटलं, "एका म्हशीला रातीपुरती जागा पायजे. गाभण हाय, खूर दुखावलाय."

तो म्हणाला, "म्हैस कुणाची?"

"कोल्हापूरच्या पावण्यांची."

"आन् तू कशी काय मागं?"

"पोचवायला निघालोय."

तो बराच वेळ माझ्या पायांकडं बघत राहिला. धूळ होती, टाचा फुटलेल्या. मग म्हणाला, "चालत आलीस?"

"व्हय."

"म्हशीसाठनं एवढं चालत आलीस, आन् भावासाठनं एस्टीत बसाया हुईना व्हय गं तुला?"

मी म्हटलं, "तूच म्हणालतास, पुन्ना यिऊ नगंस."

"म्हणालतो की. मी लई कायबाय म्हणतोय. तू कधी ऐकलंस, ते हेच एक ऐकलंस?"

मला रडू आलं. त्यालाही आलं असतं, पण त्यानं आभाळाकडं बघितलं, सूर्य कुठवर गेलाय ते. आणि आत तोंड करून वहिनीवर ओरडला, "अगं, ताट वाढ आधी, दिस बुडाया आला, पोरगी उपाशी ऱ्हाईल." या वयात मला पोरगी म्हणाला. मी पायरीवरच उभी. तर म्हणाला, "उभी काय? जेव जा. मी म्हस बघतो. भांडान दिवा लागल्यावर करू."

मग त्यानं बादली भरली आणि तुझ्याकडं आला. पुढचं तू बघितलंस.

खतिजा, रोज दिवा लागतो. मी वाट बघते, तो विषय काढत नाही. मळ्याची वाटणी, पावसाची गोष्ट, स्कूटरचा कार्बोरेटर, सगळं बोलतो. भांडण तेवढं राहूनच जातं. मळेवाडीला जायचं म्हटलं की म्हणतो, "आपलं भांडान ऱ्हायलंय, ते झाल्याबिगर कशी जाशील?"

म्हणून मी अजून इथंच आहे.

अक्का